ढोम्याच्या आजाराचं पान

पुंजा,

चौथी वही माझ्यापाशीच आहे. लाल पाठीची. पाळी तुझी होती. रिवाजाप्रमाणे मी ती वाशीमच्या गाडीत कंडक्टरच्या हाती द्यायची, शैलाताईंनी वाशीमला चित्रं काढून पुढच्या गाडीत घालायची आणि तू केनवडच्या स्टँडवर उभं राहून उतरवून घ्यायची. आता स्टँडवर कोण उभं राहणार? वही माझ्या कापडाच्या दुकानात गादीमागे लठ्ठ्याच्या ठाणाखाली पडून आहे. गिऱ्हाईकानं लठ्ठा मागितला की मी दुसऱ्या ठाणातून फाडून देतो.

तुझी शोकसभा झाली म्हणे. ढोरांचा देवमाणूस गेला, असं कोणी तरी बोललं. तुला हसू आलं असतं. स्टॉकमनची साधी नोकरी, ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर महिन्यातून चारदा येणार आणि बाकीचे दिवस तूच डॉक्टर. तुझी नोकरी किती वर्षं झाली, किती गावं तुझ्याकडे होती, हे मला लिहायचं नाही. मला एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती टाळण्यासाठी मी महिनाभर बाकी सगळं केलं. दुकानातली सगळी कपाटं रिकामी करून परत लावली. बायको म्हणाली, "दिवाळी होऊन तीन महिने झाले, आता काहून साफसफाई करून राह्यले?" मी तिच्यावर ओरडलो.

तू मेला त्यात माझा हात आहे. हे मला माहीत आहे, तुला माहीत होतं आणि वहिनींना माहीत नाही. तुझ्या तेरवीला केनवडला आलो तो सांगायचं ठरवूनच. पंगतीत बसलो, बुंदी खाल्ली, तुझ्या भावाशी कापसावर बोललो आणि चारच्या गाडीनं परत फिरलो. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, ढोमा म्हंजे कोन? दवाखान्यात सारखं त्याचंच नाव घेत. तुमचा कोनी मानूस हाय काय?" मी म्हणालो, गाडी चुकेल वहिनी, आणि पळालो.

सात वर्षं आपण ज्याचा चारापाणी लिहिला, तो ढोमा तू घरी सांगितलाच नव्हता. मीही माझ्या घरी कुठे नीट सांगितला होता?

आठवतं ना, कसं सुरू झालं? मुलांचं ते मासिक. माझ्या पोरीसाठी लावलं होतं, वाचायचो मी. त्यात दर महिन्याला येणारी ती तळ्याखालच्या रानाची गोष्ट. गाईएवढा, सहा पायांचा, पोटात पाणी साठवणारा आणि तहानेल्या जनावरांना ते पाजत फिरणारा ढोमा. धूर खाऊन जगणारा धुरखाऊ. झोपेतच गाणारं निजपाखरू. ज्याला शिवेल त्याला काळं करणारा, दातांचा वाईट, असा काजळ्या. पोरीला त्यातल्या राजपुत्राचं कौतुक, मला जनावरांचं. आणि ऐन रंगात गोष्ट थांबली. कागद मिळत नाही म्हणून मासिकच बंद झालं. शेवटच्या अंकात ढोमा तळ्याच्या काठी उभा, मान लांब केलेली, तोंडातून लाळेच्या तारा, घास गिळता येत नाही, पाण्याजवळ जातो आणि मागे सरतो. खाली 'क्रमशः'. पुढचा अंक आलाच नाही.

त्याच अंकात मागच्या पानावर वाचकांची पत्रं होती, आणि त्यात तुझं. केनवडहून, नाव-हुद्द्यासह. संपादकांना तू लिहिलं होतं की जनावरांच्या गोष्टी लिहिता तर त्यांची निगाही सांगत जा, धुरखाऊला दिवसभर चुलीपाशी बांधलं तर त्याचे डोळे जातील. मी दुकानात बसून मोठ्यानं हसलो. मग कार्ड लिहिलं. 'डॉक्टरसाहेब, धुरखाऊला मग कशाचा धूर द्यावा?' आठ दिवसांत तुझं उत्तर. वाळक्या गोवरीचा, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, ओल्या लाकडाचा अजिबात नाही, बिडीचा दिला तर खोकला लागेल. मी त्या दिवशी तुला भेटलो म्हण. तोंड तर सहा महिन्यांनी पाहिलं.

आपण वही केली. नाव दिलं नाही कधी, वहीच म्हणायचो. प्रत्येक जनावराला पानं: चारा, पाणी, गोठा, वीण, आजार. तू निगा लिहायची. मी गोष्टीतला प्रत्येक अंक तपासून तू लिहिलेलं मूळ कथेला धरून आहे की नाही ते पाहायचं, कारण सगळे अंक माझ्यापाशी बांधून ठेवलेले. वाशीमच्या शाळेतल्या शैलाताई चित्रकलेच्या. त्यांनीही मासिकाला पत्र लिहिलं होतं, म्हणून त्यांना मीच शोधून काढलं. ढोम्याच्या सहाव्या पायाचं काय करावं यावर तुम्ही दोघं चार महिने भांडला. ताई म्हणायच्या, चालताना शोभत नाही. तू लिहिलं, "शोभेचं तुमी पाहा, खुराचं मी पाह्यतो. सहावा पाय नसला त पानी भरल्यावर ढोमा मागे पडंल." शेवटी ताईंनी सहावा पाय चित्रात घातला.

लोक हसायचे. माझा मोठा भाऊ म्हणायचा, दुनिया ढोरं विकून राह्यली आणि हा नसलेली ढोरं पाळून राह्यला. खरं सांगायचं तर मलाही तो पोरखेळच वाटायचा, गोड पोरखेळ. तो दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी संपला. तुला छावणीवर नेमलं होतं. तिथून वही आली तिच्यावर मातीचे डाग होते, आणि ढोम्याच्या चाऱ्याचं पान तू तीन वेळा लिहिलेलं. उसाचं वाढं किती, कडबा किती, मीठ किती, अशक्त जनावराला उठवताना शेपटीला धरू नका, छातीखालून पोत्याची झोळी घाला. सोबत चिठ्ठी. ती माझ्याकडे अजून आहे. 'शेठ, आज अकरा गेली. द्यासारखं माह्यापाशी काईच नाई. संध्याकाळी वही काढतो, ढोम्याले पोटभर चारतो, मंग भाकर घशाखाली उतरते. हसजो नको.'

मी हसलो नाही, पुंजा. त्या दिवसापासून मी वहीला कधी पोरखेळ म्हटलं नाही. आणि तुला हे कधी सांगितलंही नाही. तुझ्या त्या चिठ्ठीला मी उत्तर काय पाठवलं, तर बाराव्या अंकाप्रमाणे ढोमा कडबा खात नाही, कृपया दुरुस्ती करावी. तू दुरुस्ती केली.

एक पान मात्र कोरं राहिलं. ढोम्याचा आजार. शेवटच्या अंकात त्याला झालं काय, यावर आपलं कधी जमलं नाही. माझं म्हणणं, नवव्या अंकात तो राजपुत्राची पितळी घंटी गिळतो, ती घशात अडकली. काढली की बरा. तू म्हणायचा, अकराव्या अंकात काजळ्यानं त्याला पोटरीला चावा घेतलाय, शेठ, तू वाचलं नाही काय? लाळ, गिळता न येणं, पाण्यापासून मागं सरणं. "पिसायला हाय तो, कुत्रं पिसायते तसा. वाचत नाई." मी म्हणायचो, ढोमा मरत नाही. मुलांच्या गोष्टीत ढोमा मरत नाही. तू म्हणायचा, "लेखकाले इचार, मले कायले इचारतो? मी लक्षणं पाह्यतो."

पण पानाच्या वरच्या कोपऱ्यात तू एक ओळ लिहून ठेवली होती, आणि तिला मी हरकत घेतली नव्हती. 'लाळ गळते आणि घास गिळत नाही असं जनावर दिसलं, तर घशात हात घालायच्या आधी दहा पावलं लांब उभं राहून अर्धा तास नुसतं पाहा.' त्याखाली आपण दोघांनी सही केली होती. त्या ओळीखाली मग कोरंच.

आता येतो त्या दिवसावर.

दिवाळीच्या सुटीत दरवर्षी तू आणि ताई माझ्याकडे कारंजाला यायचे. या वर्षीही आला. शैलाताई दुकानाच्या माडीवर निजपाखराच्या पिसांत रंग भरत होत्या. तू आल्याआल्या हात दाखवला. बाभळीच्या काट्यानं बोटाला चीर पडली होती, चिंधी बांधलेली. मी म्हणालो, कापडाच्या दुकानात आला आणि चिंधी घेऊन आला. तेवढ्यात गोरक्षणातला माणूस धावत आला. चांदी गाईच्या घशात काही अडकलंय, कालपासून चारा नाही, लाळ गळतेय.

आमच्या समाजाचं ते गोरक्षण, गावाबाहेर, वीसेक भाकड गाई. देखरेख पाळीपाळीनं घरांकडे येते, आणि या वर्षी ती माझ्याकडे होती. मला अभिमान वाटला, सांगतो. माझा दोस्त ढोरांचा जाणकार आणि तो माझ्या पाळीत हजर. तुला सायकलवर डबलसीट घेऊन गेलो.

चांदी कुंपणाशी उभी होती. मान लांब, तोंड उघडं, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. ओरडत होती, पण आवाज घोगरा, फाटका. तू फाटकातच थांबला. चिंधी बांधलेला हात मागे घेतला. म्हणाला, "थांब जरा शेठ. पाहू दे."

आणि मी काय म्हणालो ते मी आता लिहितो, एकेक शब्द. मी म्हणालो, "पाहतो काय? दहा पावलं मोजून राह्यला का? ती गाय आहे रे, ढोमा नाही. अडकलंय घशात, आंधळ्याला दिसते. काही सापडलं तर ढोम्याच्या आजाराचं पान माझं. नाही सापडलं तर तुझं. लाव पैज."

तू माझ्याकडे पाहिलं आणि हसला. सात वर्षांचं भांडण होतं ना. बाह्या सारल्या, चिंधी सोडून खिशात टाकली, कारण ओल्या चिंधीनं हात सरकत नाही. त्या माणसानं शिंगं धरली, मी शेपटीकडे उभा. तुझा हात कोपरापर्यंत आत गेला. तू डोळे मिटून चाचपत होता. किती वेळ, मला आता सांगता येत नाही. मग हात बाहेर काढला आणि म्हणाला, "घशात काईच नाई शेठ. हरला तू."

अजून हसतच होता. मी पण हसलो. आणि मग तुझं हसू थांबलं. तू हात समोर धरून पाहिला, लाळेनं भरलेला, त्या चिरीतून थोडं रक्त. गोरक्षणाच्या माणसाला विचारलं, या गाईले कुत्रं चावलं होतं काय? तो म्हणाला, पोळ्याच्या आसपास एक कुत्रं शिरलं होतं खरं. तू हौदावर गेला. साबण मागितला. तू हात धूत राहिला, धूतच राहिला, आणि मी, देवा, मी म्हणालो, "सोवळं पाळून राह्यला काय डाक्टर?"

तू पुन्हा साबण लावला.

चांदी तिसऱ्या दिवशी मेली. तोवर तू कारंजातच राहिला, रोज जाऊन दहा पावलांवरून पाहायचा. ती मेली तसा दुकानात आला. ताई सुटी संपायच्या आत वाशीमला गेल्या होत्या. तू गादीवर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, डोकं कापून बर्फात घालून नागपूरला पाठवावं लागेल. मेंदू तपासला की पिसाळी होती की नव्हती हे पक्कं कळते. मी स्वतः घेऊन जातो, आजच्या गाडीनं.

मी म्हणालो, नाही.

आमच्या गोरक्षणात जनावर आपल्या मरणानं मरते आणि आख्खं मातीत जाते, मीठ घालून. तिथे सुरी लागत नाही. माझ्या आजोबांपासून नाही लागली. मी माझ्या पाळीत गाईचं मुंडकं कापून दिलं, असं गावभर झालं असतं. मी तुला अहिंसा शिकवली, तुला, ज्यानं छावणीत पोत्याच्या झोळ्या घालून हजार जनावरं उभी केली.

तू म्हणाला, "शेठ, सुरी गाईले नाई लावत, रोगाले लावतो." मग आवाज खाली करून म्हणाला, "माह्या बोटाले चीर होती. तू पाह्यली."

मी म्हणालो, "साबणानं धुतलं ना?"

तू मला समजावलं. ओरडला नाही. तुमच्या दवाखान्यातला एक ड्रेसर, त्याला कुत्रं चावलं होतं, पोटात चौदा सुया घेतल्या आणि कमरेखाली लुळा पडला. हजारात एखाद्याला होते, पण तो एखादा तू पाहिला होता, खाटेवर. कुत्रं पिसाळलेलं नव्हतंच, नंतर कळलं. म्हणून तुला पक्कं पाहिजे होतं. "असंल त घेतो चौदाच्या चौदा, पाय गेले त गेले. पन नुसत्या अंदाजावर पाय कसे देऊ? शेत हाय, दोन पोरी हाय."

मी म्हणालो, उद्या पाहू. उद्यापर्यंत चांदी मातीत गेली होती. मीच सकाळी लवकर जाऊन खड्डा बुजवून घेतला. ते तुला माहीत होतं का? मला वाटते माहीत होतं. तू फक्त "बरं, राहू दे" म्हणाला आणि वही पिशवीत घालून गाडीला गेला.

पंधरा दिवसांनी वही आली, तिच्यात चिठ्ठी. पाच सुया घेतल्या, पायाला मुंग्या येऊ लागल्या, ताप आला, म्हणून थांबवल्या. 'नक्की माहीत असतं त थांबलो नसतो.' एवढंच. त्यात मला बोल नव्हता. बोल लावला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, तू भांडला असता, आणि कदाचित मी तुला ओढून पुन्हा दवाखान्यात नेलं असतं. मी काय केलं? वहीत निजपाखराच्या पिसं गळण्यावर दीड पान लिहिलं आणि वही गाडीत घातली. चिठ्ठीचा उल्लेख नाही. माझ्यासारखा भित्रा माणूस तुझा दोस्त होता, पुंजा. तुला दुसरा मिळाला नाही का?

वही एक फेरी करून माझ्याकडे परत आली होती, तेवढ्यात पौषात शैलाताईंचा माणूस आला, पुंजाजी वाशीमच्या सरकारी दवाखान्यात आहे, ताबडतोब या. मी आलो तेव्हा तुला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं होतं, खिडकीला घोंगडी लावलेली, पंखा बंद. वाऱ्याची झुळूक लागली की तुझा घसा आवळायचा. कोणी तरी बाहेर तांब्या ठेवला, त्याचा आवाज झाला, आणि तू भिंतीकडे सरकला. ढोमा पाण्यापासून मागे सरकतो तसाच. शेवटच्या अंकातलं चित्र मी तोंडपाठ केलेलं होतं, आणि ते समोर होतं.

मी आत पाऊल टाकलं. तू शुद्धीत होता. मधूनमधून चांगला शुद्धीत असायचा, ते जास्त वाईट होतं. ओठांवर लाळ. मला ओळखलं आणि हात वर केला, थांब म्हणून.

"शेठ," तू म्हणाला, "दहा पावलं."

तेवढंच बोलणं झालं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. अर्ध्या तासाच्या वर पाहिलं. नुसतं पाहिलं, तू सांगितलं तसं. दुसऱ्या दिवशी तू गेला.

इथवर लिहून मी आठ दिवस थांबलो होतो. पुढे लिहिणं म्हणजे स्वतःला माफ करायची जागा शोधणं, असं वाटू लागलं. परवा सकाळच्या गाडीनं केनवडला गेलो. वही सोबत नेली.

वहिनी अंगणात तुरी पाखडत होत्या. पोरी शाळेत होत्या. मी बाजेवर बसलो आणि आधी ढोमा कोण ते सांगितलं. वहीतली चित्रं दाखवली. त्या पानं उलटत राहिल्या. वाचता येत नाही त्यांना, पण तुझं अक्षर ओळखतात. छावणीतल्या पानावर मातीचा डाग होता त्यावर बोट ठेवलं. "हे रोज लिहीत. मले वाटे दवाखान्याचा हिशेब हाय." थोडं हसल्या. मग मी सांगितलं. पैज सांगितली. सोवळ्याचं सांगितलं. मुंडक्याचं सांगितलं, सकाळी लवकर जाऊन खड्डा बुजवला तेही. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर राहिलं असतं.

त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. रडल्या नाहीत. मला वाटलं शिव्या देतील, तुझ्या भावाला हाक मारतील. मी त्यासाठी तयार होतो, त्यासाठीच गेलो होतो म्हण. मग त्यांनी विचारलं,

"गाय त मेली होती ना, भाऊ?"

मी म्हणालो, हो.

"मेलेलीच होती ना?"

मी म्हणालो, हो वहिनी, मेलेलीच होती.

त्यांनी मान हलवली. सूप उचललं आणि तुरी पाखडू लागल्या. मी बसून होतो. गाडीची वेळ झाली तेव्हा त्या म्हणाल्या, वही घेऊन जा, इथं पोरी फाडतील. यापुढे येत जा की येऊ नको, ते काही म्हणाल्या नाहीत. दारापर्यंत आल्या नाहीत.

पुंजा, गाडीत मी तेच घोकत आलो. मेलेलीच होती ना. माझ्या आजोबांपासूनच्या सगळ्या धर्माला त्या बाईनं तीन शब्दांत विचारलं. मी मेलेल्या गाईला जपलं. मी तुला जपलं नाही. जीव जपायचा असं मला लहानपणापासून शिकवलं, आणि माझ्यासमोर दोनच होते, त्यात जिवंत कोण हे मला ओळखता आलं नाही.

गोरक्षणाच्या बैठकीत मी सांगितलं आहे, यापुढे अशी गाय मेली तर ढोरांच्या डॉक्टरला बोलवायचं आणि तो म्हणेल तसं करायचं. दोन जण उठून गेले. माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, शाबासकीसाठी नाही. तुझ्या उपयोगाचं नाही ते.

शैलाताईंना कार्ड टाकलं होतं, ढोम्याचं कोरं पान तुम्ही भरा. उत्तर आलं: 'चित्र मी काढीन. मजकूर तुम्हीच लिहायचा.' म्हणून लठ्ठ्याखालून वही काढली आहे. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही. तुझ्या ओळीखाली, तुझ्या अक्षराखाली, माझ्या अक्षरात लिहितो. पैजेप्रमाणे हे पान तुझं आहे. मी फक्त उतरवून घेतो.

*ढोमा. आजार.*

*घशात घंटी नव्हती. काही नव्हतं. काजळ्या चावला होता. पिसाळी.*

*उपाय नाही. पाणी समोर आणू नये. वारा लागू देऊ नये. दहा पावलांवर कोणी तरी आपलं माणूस उभं ठेवावं.*

*बघणाऱ्याच्या हाताला चीर असेल तर आधी ती पाहावी. त्याची मस्करी करू नये.*

*जनावर मेल्यावर त्याच दिवशी डोकं कापून, बर्फात घालून तपासायला पाठवावं. ढोमा मेलेला असतो, त्याला लागत नाही.*

*मालक नको म्हणेल. त्याला विचारू नये.*